तेल बोलतं, आपण ऐकायचं



रेडिओवर एखादा पदार्थ सांगा, असं मला सुचवलं गेलं तेव्हा मी जरा बिचकलेच. टीव्हीवर बरं असतं. रंग दिसतो, वाफ दिसते, शेवटी कोथिंबीर भुरभुरली की बघणाऱ्याला निम्मं पोट भरल्यासारखं वाटतं. रेडिओवर यातलं काहीच नाही. पण नंतर माझ्या लक्षात आलं, की जो पदार्थ मी आज सांगणार आहे, तो मीसुद्धा कानांनीच शिकले. शिकवणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांचं वय शहाऐंशी, आणि काचबिंदूमुळे गेली काही वर्षं त्यांना जवळजवळ दिसत नाही.

पदार्थाचं नाव ऑनियन रिंग्ज. म्हणजे कांद्याची गोल कडी पिठात बुडवून कुरकुरीत तळायची आणि कशाततरी बुडवून खायची. सासूबाई त्यांना 'कांद्याच्या बांगड्या' म्हणतात. आमच्या घरात आता तेच नाव रूढ झालंय, तेव्हा मीही तेच वापरते.

सुरुवात झाली नातीच्या वाढदिवसापासून. नऊ वर्षं पूर्ण झाली म्हणून तिला एका हॉटेलात नेलं होतं. तिथे तिनं या बांगड्या मागवल्या. मोठ्या बशीत आठ बांगड्या आल्या, मधोमध इवल्याशा वाटीत पांढरा सॉस. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. पोरीनं एक बांगडी पणजीसाठी कागदी रुमालात गुंडाळून घरी आणली. घरी येईपर्यंत ती पार मऊ पडली होती. सासूबाईंनी ती हातात घेतली, बोटानं आतून बाहेरून चाचपली, नाकाशी नेली, थोडी चाखली. मग विचारलं, "केवढ्याला?"

मी बशीची किंमत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ बांगड्यांना फार तर दीड कांदा लागला असेल."

हे त्यांनी उगाच नाही म्हटलं. त्यांचं सगळं आयुष्य निफाड तालुक्यात कांद्यात गेलं. लावणी, काढणी, पात कापणं, निवडणं, सगळं त्यांनी हातांनी केलंय. आम्ही नाशिकला राहत असलो तरी शेती अजून धाकटे दीर बघतात. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखलं जाणारं लासलगाव त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आज बाजारात कांदा काय भावानं गेला, हा सासूबाईंचा संध्याकाळचा ठरलेला प्रश्न. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४मध्ये उठली. मधल्या महिन्यांत दिरांनी लाल कांदा मिळेल त्या भावाला विकला. त्या दिवसांत भाव ऐकला की सासूबाई नुसतं 'बरं' म्हणायच्या आणि रेडिओचा आवाज वाढवायच्या. अशा बाईला दीड कांद्याचं ते बिल ऐकून काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

नात म्हणाली, "आजी, तू घरी कर ना!" मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! चाळीस वर्षं कांदाभजी करतेय. गोल कापायचा आणि तळायचा.

इथेच मी फसले.

पहिल्या दिवशी मी भज्यांचंच पीठ केलं. बेसन, तिखट, हळद, ओवा. कांद्याच्या चकत्या केल्या, कडी सुट्या केल्या, सवयीनं त्यांना मीठ चोळून ठेवलं आणि पिठात बुडवून तेलात सोडल्या. तेलात त्यांनी कपडे काढले म्हणा ना! पीठ एकीकडे आणि कांदा दुसरीकडे. ज्या थोड्या शाबूत राहिल्या, त्या दाताखाली धरल्या की आतला कांदा गांडुळासारखा सबंध ओढला जाई आणि हातात रिकामं टरफल राही. नात चांगल्या मनाची आहे. तिनं नुसती टरफलं खाल्ली आणि "चव छान आहे," असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मैद्याचं पीठ केलं, आणि एकदाचं उरकावं म्हणून कढईत एकदम दहा-बारा बांगड्या सोडल्या. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, गॅस विझला का? तेल बोलत नाहीये."

गॅस चालू होता, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. कढईतून येत होता तो नुसता खदखदल्यासारखा मंद आवाज. इतका गार ओला माल एकदम पडल्यावर तेल निवलं होतं. त्या बांगड्या तळल्या गेल्या नाहीत, तेलात शिजल्या. बाहेर काढल्या तेव्हा त्यांतून तेल निथळत होतं.

आता इथे मला एक घरगुती गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्या दोन वर्षं आधी सासूबाईंनी चुकून तापलेल्या तव्यावर तळहात टेकवला होता. मोठा फोड आला, पंधरा दिवस हात बांधलेला. त्या दिवसापासून मी घरात कायदा केला, की आईंनी ओट्याजवळ यायचं नाही. कायदा काळजीपोटीच होता. त्यांनीही वाद घातला नाही. बाहेरच्या खोलीत रेडिओशेजारी त्यांची खुर्ची मांडली गेली आणि त्या तिथे बसू लागल्या. पण तेव्हापासून त्या जेवणाबद्दल काही बोलेनाशाच झाल्या. काहीही वाढा, "छान झालंय." मीठ कमी असो, जास्त असो, "छान झालंय." ज्या बाईनं माझ्या लग्नानंतर माझ्या प्रत्येक भाकरीत खोट काढली, तिनं सगळ्यालाच छान म्हणावं, हे काही चांगलं लक्षण नव्हे. ते मला कळत होतं, पण वळत नव्हतं.

आणि आज दोन वर्षांनी त्या मला, न विचारता, आतून ओरडून माझी चूक सांगत होत्या. मी गॅस बंद केला. बाहेर गेले, त्यांचा हात धरला आणि त्यांना स्वयंपाकघराच्या दारात, कढईपासून चांगलं लांब, स्टुलावर आणून बसवलं. म्हटलं, "आई, तुम्ही इथून ऐका आणि सांगा. हात मी लावते."

त्या म्हणाल्या, "आधी मला तो कांदा दाखव."

दाखव म्हणजे हातात दे. मी टोपलीतला एक कांदा दिला. त्यांनी मान दाबली, बूड दाबलं, तळहातावर तोलला आणि परत केला. "हा ओला आहे. याच्या बांगड्या कशा होतील?"

तर मंडळी, पहिला धडा हा. लाल कांदा म्हणजे पावसाळी पिकाचा, त्यात ओल जास्त, मान जाड, आणि तो टिकतही नाही. रोजच्या भाजी-आमटीला तो उत्तम. बांगड्यांसाठी मात्र उन्हाळ कांदा घ्यावा. तो मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो, चाळीत साठवतात आणि पुढे कित्येक महिने बाजारात येत राहतो. त्याची मान सुकून बारीक झालेली असते, वरची साल खडखडीत वाजते. आकारानं मोठा आणि गोल निवडायचा. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, इथे कामाचा नाही.

दुसरा धडा पाण्याचा. खरं तर सगळा पदार्थ या एका धड्यावर उभा आहे. कांद्यात साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असतं. कांद्याचं काहीही तळायचं म्हणजे त्या पाण्याचं काय करायचं, ते आधी ठरवायला लागतं.

आपल्या खेकडा भज्यांत आपण काय करतो? कांदा उभा, पातळ चिरतो. त्याला मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवतो. मिठानं कांद्याचं पाणी बाहेर येतं. त्याच पाण्यात मावेल तेवढंच बेसन भुरभुरतो, वरून पाण्याचा थेंब घालत नाही. म्हणून त्या भज्यांत पीठ कमी, कांदा जास्त, आणि खेकड्याच्या नांग्यांसारखे तुकडे बाहेर निघालेले कुरकुरीत भजे होतात. थोडक्यात, तिथे आपण कांद्याचं पाणी बाहेर बोलावतो आणि कामाला लावतो.

बांगड्यांचं बरोबर उलटं आहे. इथे कांदा आडवा, जाड कापायचा आणि त्याचं पाणी आतच राहू द्यायचं. म्हणजे वरचं कवच कुरकुरीत होतं आणि आतला कांदा त्याच्याच वाफेत शिजून गोडसर होतो. मी सवयीनं मीठ चोळलं तिथेच पाणी सुटलं, आणि त्या पाण्यावरून पीठ घसरलं. सासूबाईंच्या भाषेत, "ओल्या भिंतीला गिलावा धरेल का?"

आता करायचं कसं, ते सांगते. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या.

चार माणसांना दोन मोठे कांदे पुरतात. ते सोलण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे कापताना डोळ्यांना कमी झोंबेल. मग सोलून आडव्या चकत्या करा. जाडी करंगळीएवढी, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर. पातळ केल्या तर आत काही उरत नाही, जाड केल्या तर कांदा कच्चा राहतो. चकतीच्या मध्यावर हलकेच दाबलं की कडी सुट्या होतात. बाहेरच्या तीन-चार घ्या. आतला बारका गाभा कोशिंबिरीला किंवा दुसऱ्या दिवशीच्या भज्यांना ठेवा. वाया काही जाऊ देऊ नका. ज्यानं तो पिकवला, त्याला काय मिळालं असेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, मलाही माहीत नव्हती. कांद्याच्या प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो गुळगुळीत असल्यामुळे त्याच्यावर पीठ धरत नाही, आणि चावल्यावर सबंध कांदा ओढला जातो तोही त्याच्यामुळेच. कडी दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवल्या की तो पापुद्रा सैल होतो. नखानं एक टोक उचलायचं आणि ओढून काढायचं. काम किचकट आहे. आमच्याकडे ते सासूबाईंकडे गेलं. चाळीत कांदे निवडताना कुठला आतून सडलाय, हे अंधारात हातानं ओळखणारी बोटं ती. त्यांनी सगळे पापुद्रे काढले तेव्हा माझे तीनच झाले होते.

पापुद्रे निघाले की कडी स्वच्छ पंचावर पसरून अगदी कोरड्या करा. मग बशीत दोन-तीन चमचे कोरडा मैदा घ्या आणि कडी त्यात घोळवा, जास्तीचा मैदा झटका. हा कोरडा थर म्हणजे भिंतीवरचा पहिला हात. पुढचं पीठ त्याला धरून राहतं.

आता पातळ पीठ. एक वाटी मैदा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, चमचाभर लाल तिखट, चिमूटभर हळद, हातावर चोळलेला थोडा ओवा. तांदळाच्या पिठाचा आग्रह सासूबाईंचा, आणि तो बरोबर आहे. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून घुसळलं की त्याला चिकटपणा, ताण येतो. पोळीला तो हवा असतो, पण तळणात त्यानं कवच चामट होतं. तांदळात तो ताण नाही, म्हणून कवच खुसखुशीत होतं. कालवायला साधं पाणी नको. फ्रीजमधला गार, साधा सोडा घ्या, साखरेचा नव्हे. आधी पाऊण वाटी घाला, मग लागेल तसा थोडा थोडा. सोड्याचे बुडबुडे पिठाला हलकं करतात. पीठ फार ढवळू नका, चार-दोन गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपत दाट असलं की झालं. हे पीठ तेल तापत आल्यावरच कालवायचं. आधी करून ठेवलंत तर सोडा निवून जातो आणि मग पिठाचा काही उपयोग नाही.

आणखी कडक कवच हवं असेल तर पिठातून काढलेली बांगडी पावाच्या कोरड्या चुऱ्यात घोळवा. पाव नसेल तर बारीक रवाही चालतो.

आता तेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल खोलगट कढईत तीन बोटं खोल घ्या. मापक असेल तर १८० अंश सेल्सियस. नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा. तो तळाशीच बसला तर तेल गार आहे. पडल्या पडल्या लाल झाला तर फार तापलं. खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला, की तेल तयार. एका वेळी चार बांगड्या सोडायच्या, पाचवी नाही. मला दुसऱ्या दिवशी जी शिक्षा झाली, ती या एका नियमासाठी.

आणि आता कान द्यायचा.

सासूबाई दारात बसल्या होत्या. पहिली बांगडी तेलात पडली तशी त्या पुढे झुकल्या. सुरुवातीला मोठा आवाज होतो, पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा. तो आवाज तेलाचा नसतोच. तो पाण्याचा असतो. पाणी १०० अंशांना उकळतं, तेल त्याच्या कितीतरी वर असतं. पिठातलं आणि कांद्यातलं पाणी तेलात गेल्या गेल्या वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पळतं, त्याचा हा गलका. ती वाफ बाहेर जोर करत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. हळूहळू कवचातलं पाणी संपत येतं, बुडबुडे लहान आणि विरळ होतात, आवाज बारीक होत जातो. सासूबाई म्हणाल्या, "अजून जाड आहे. थांब." मी उलटली. "थांब." बाहेरून तर ती लाल दिसू लागली होती. माझा हात शिवशिवत होता. मग एकदम त्या म्हणाल्या, "आता बारीक झाला. काढ."

मी काढली. हातात धरून टिचकी मारली तर टक्क वाजली.

एरवी आपण रंग बघून काढतो. पण रंग फसवतो. तेल फार तापलं असेल तर रंग आधी येतो आणि कवच आतून ओलंच राहतं. ते पाच मिनिटांत मऊ पडतं. आवाज असा फसवत नाही, कारण तो थेट पाण्याची बातमी देतो. एका घाण्याला साधारण दोन ते तीन मिनिटं लागतात. पण घड्याळापेक्षा कान बरा.

काढल्यानंतरचा पहिला मिनिटही महत्त्वाचा आहे. तळलेला पदार्थ तेल पितो ते बरंचसं बाहेर काढल्यावर. गार होताना आतली वाफ आक्रसते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच दोनदा झटकायचा आणि बांगड्या जाळीवर मोकळ्या ठेवायच्या, खालून वारा लागेल अशा. एकावर एक रचल्या की एकीच्या वाफेनं दुसरी मऊ पडते. झाकण तर मुळीच ठेवू नका. आणि वर्तमानपत्रावर काढू नका. छपाईची शाई तेलाबरोबर पोटात जाते. वर्तमानपत्र वाचायला असतं, भजी ठेवायला नाही. मीठ कमी वाटलं तर ते आत्ता, गरम असताना, चिमटीनं वरून भुरभुरा.

राहिला सॉस. हॉटेलातल्या त्या पांढऱ्या सॉसमध्ये मेयॉनेज होतं, हे मला चवीवरून कळलं. घरात ते नव्हतं. दही होतं. ते फडक्यात बांधून तीन तास टांगलं आणि वाटीभर चक्का निघाला. त्यात काय घालावं, असा विचार करत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "मोहरी फेस."

फेसलेली मोहरी आता फार घरांत होत नाही. दोन चमचे मोहरी कोरडीच बारीक पूड करायची. मग चमचा चमचा गार पाणी घालत खलबत्त्यात घोटायची. घोटता घोटता ती फुलून येते, फेसाळते आणि तिचा झणका नाकातून थेट मस्तकात जातो. कोरड्या मोहरीला हा झणका नसतो. तिचे दाणे फुटून पाण्याशी गाठ पडली, की मगच तो तयार होतो. पाणी गारच हवं, गरम पाण्यानं झणका मरतो. पूर्वी लोणच्यात, काकडीच्या कोशिंबिरीत ही मोहरी हमखास असे. हे काम ओट्यावरचं नव्हे, विस्तवाजवळचंही नव्हे. खलबत्ता मी सासूबाईंच्या मांडीशी नेऊन दिला. माझा कायदाही मोडला नाही आणि त्यांचा हातही रिकामा राहिला नाही.

वाटीभर चक्क्यात एक ते दीड चमचा फेसलेली मोहरी, चार पाकळ्या भाजून ठेचलेला लसूण, अर्धा चमचा साखर, चवीपुरतं मीठ, थोडं लाल तिखट. सैल हवं असेल तर चमचाभर दूध. नुसतं ढवळायचं, की सॉस तयार. लहान मुलांसाठी मोहरी निम्मी करा.

गंमत अशी, की नंतर मी या पदार्थाविषयी वाचलं, तेव्हा कळलं की ही मोहरीची जोडी नवी नाहीच. जॉन मोलार्ड नावाच्या इंग्रज आचाऱ्याचं पाककृतींचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं, त्याच्या १८०२ सालच्या आवृत्तीत कांद्याच्या जाड चकत्या साय, मैदा आणि चीजच्या पिठात बुडवून तळायला सांगितल्या आहेत. आणि त्यांच्यासोबत काय, तर वितळलेलं लोणी आणि मोहरी. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. "तळणाला मोहरीच लागते," एवढंच म्हणाल्या.

एक सावधगिरीचं सांगते. उरलेल्या तेलाचा मोह धरू नका. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळं, दाट होतं आणि तब्येतीला घातक घटक त्यात वाढत जातात. आपल्या देशात १ जुलै २०१८पासून खाद्यव्यवसायासाठी अशा घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आहे. घरी आपण काही तपासणी करत नाही, म्हणून सोपा नियम ठेवा. निवलेलं तेल गाळून फोडणीला वापरून दोन-तीन दिवसांत संपवा, पुन्हा तळणासाठी घेऊ नका. खराब झालेलं तेल मोरीत ओतू नका. बाटलीत भरून कचऱ्यात द्या. आणि थोडंच तळायचं असेल तर कढई लहान घ्या, म्हणजे तेल मुळातच कमी लागेल.

तर अशा आमच्या बांगड्या झाल्या. नातीनं पहिली बांगडी पणजीच्या बोटात घातली. त्यांनी ती बोटातूनच खाल्ली. कुरकुर आवाज माझ्यापर्यंत आला. मी विचारलं, "आई, कशी झालीय?" मला वाटलं, आता 'छान झालंय' येणार. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाल्या, "कवचात मीठ जरा कमी आहे. आणि ही मघाच्यापेक्षा थोडी आधी काढलीस."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल तिथेच आहे. कढईपासून चार पावलं लांब, पण दाराच्या आत. आता फोडणी घातली की त्या सांगतात, मोहरी अजून पुरती तडतडली नाही. कुकरची शिटी मी विसरते, त्या विसरत नाहीत. परवा आमटी वाढली तर पहिल्या घासाला म्हणाल्या, "आळणी झालीय गं." मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मला वाईट वाटलं असेल म्हणून. मी मिठाची वाटी आणायला उठले आणि आत जाऊन थोडी हसून घेतलं.

आजचं हे भाषण करायला निघताना मी त्यांना विचारलं, "आई, लोकांना काय सांगू?" त्या म्हणाल्या, "मीठ कांद्याला लावू नका म्हणावं, पिठात घाला. कांदा उन्हाळ घ्या. आणि तेलाचा आवाज बारीक होईपर्यंत झारा हातात धरून उभं राहा, घाई करू नका."

आता त्या घरी रेडिओपाशी बसून हे ऐकत असतील. काही चुकलं असेल तर संध्याकाळी मला कळेलच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)